सैनिकी चालक आणि मालवाहतुकीचा परवाना

अकोला-नांदेड मार्ग आणि २०२२ मध्ये खुला झालेला समृद्धी महामार्ग यांमुळे वाशिम जिल्ह्यात मालवाहतुकीला वाव आहे. सैन्यातून परतलेल्या चालकाचा हात कसलेला असतो. परवान्याचे मात्र तसे नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८ अन्वये मिळालेला सैनिकी परवाना संरक्षणकार्यातील केंद्र सरकारच्या वाहनांपुरताच वैध असतो. त्यावर सोयाबीनचा खाजगी ट्रक चालविल्यास तो विनापरवाना ठरतो आणि अपघातप्रसंगी भरपाईचा बोजा मालकावर पडू शकतो. म्हणून परिवहन कार्यालयातून मालवाहू वाहनाचा परवाना आधी घ्यावा. त्यासाठीची आठवी उत्तीर्णतेची अट २०१९ मध्ये रद्द झाली. इंधन, रसायने यांसारख्या धोकादायक मालासाठी मात्र स्वतंत्र प्रशिक्षण आवश्यक आहे. शिक्षक व पंचायत सदस्यांनी ही माहिती जवान रजेवर आला असतानाच त्याच्या कानी घालावी.