भुकटी नसलेली खडी

प्रश्न : आमच्या गावाजवळ रस्त्याचे रुंदीकरण चालू आहे. काळी माती काढून मुरूम दाबला आणि त्यावर नुसती खडी पसरली. तीत कच जवळजवळ नाहीच. चार डंपर कच टाकली असती तर थर घट्ट बसला नसता का? की ठेकेदाराने हात आखडता घेतला? – एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : ठेकेदारावर संशय घ्यायला जागा पुष्कळ असतात, पण ही त्यातली दिसत नाही. वर्णनावरून तो पाणी बाहेर काढणारा थर वाटतो, आणि खडीतल्या मोकळ्या फटी हेच त्याचे काम. कच टाकली असती तर थर दिसायला छान बसला असता, पण पाण्याची वाट बुजली असती.

डांबरावरचे पाणी कडेला जावे म्हणून रस्त्याला मधून दोन्ही बाजूंना साधारण अडीच टक्के उतार देतात. तरी पाणी आत शिरतेच. भेगांतून शिरते, डांबर आणि साइडपट्टी यांच्या सांध्यातून शिरते, दुभाजकातल्या झाडांना टँकरने घातलेलेही मुरते. ऊसपट्ट्यात पाटाचे पाणी बाजूने झिरपते. शिवाय बारीक मातीत ओल खालून वर चढते. खडीतल्या मोठ्या फटींमुळे ती तिथेच थांबते.

ओल्या रस्त्याचे नुकसान पावसापेक्षा चाक जास्त करते. एरवी ट्रकचा भार खडीच्या दाण्यावरून दाण्यावर जात खाली पसरतो. फटी पाण्याने भरलेल्या असल्या तर त्यातला बराच भार पाण्यावर येतो, त्याचा दाब वाढतो आणि दाण्यांची एकमेकांवरची पकड सुटते. कोंडलेले पाणी मग भेगेतून वर उसळते आणि बारीक माती सोबत आणते. पावसाळ्यात भेगांभोवती मातकट ओघळ दिसतात ते हेच. खाली पोकळी झाली की खड्डा पडायला वेळ लागत नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात ओटावाजवळ १९५८ ते १९६० या काळात चाचणीसाठी बांधलेल्या रस्त्यांवर मुद्दाम ट्रक फिरवले होते. वसंतात बर्फ वितळून जमीन भिजली, तेव्हा तेच रस्ते कितीतरी वेगाने खचले. त्याच्याही सव्वाशेहून अधिक वर्षे आधी स्कॉटलंडचा रस्तेबांधणी अभियंता मॅकॅडम सांगत होता, की गाड्यांचे वजन अखेर खालची जमीनच पेलते, मात्र ती कोरडी असेपर्यंत.

आता तुमचा घट्टपणाचा मुद्दा. तो अगदीच चुकीचा नाही. फार मोकळी खडी रोलरखाली सरकते. म्हणून लहान-मोठ्या आकारांची खडी ठरावीक प्रमाणात मिसळतात आणि फक्त भुकटी कमीत कमी ठेवतात. खालची माती फटींत घुसू नये म्हणून मध्ये बारीक दाण्यांचा गाळणथर किंवा जिओटेक्स्टाइल कापड घालतात.

माझ्या मते आपल्याकडे घोळ होतो तो कडेला. हा थर साइडपट्टीखालून थेट भरावाच्या उतारापर्यंत न्यायचा असतो, म्हणजे पाणी तिथून बाहेर पडते. प्रत्यक्षात थर डांबराच्या कडेलाच संपवून बाजूला जवळची माती लोटली जाते. मग बूड बंद असलेल्या कुंडीसारखे पाणी आतच राहते, आणि महाग खडी घालून रस्ता अधिकच भिजत राहतो. तुमच्याकडे साइडपट्टीचे काम व्हायचे असेल, तर खडीचे तोंड उतारावर उघडे राहते का, एवढे जाऊन बघा. मातीने लिंपताना दिसले तर मात्र जाब जरूर विचारा.