बंगाली ‘कि’ आणि मराठी ‘का’

कॅडेट मित्रांनो, बंगाली सोबत्याशी त्याच्या भाषेत बोलायचे, तर वाक्यरचनेची धास्ती नको. मराठीप्रमाणेच आधी कर्ता, मग कर्म, शेवटी क्रियापद. ‘आमि भात खाइ’ म्हणजे ‘मी भात खातो’. मुलगी बोलली तरी हेच वाक्य. बंगाली क्रियापद लिंगानुसार बदलत नाही.

प्रश्नार्थक शब्दही आपल्यासारखाच बहुधा क्रियापदाआधी येतो : ‘तुमि कोथाय जाबे?’ – तू कुठे जाशील?

घोटाळा होतो तो हो-नाही उत्तराच्या प्रश्नात. आपला ‘का’ वाक्याच्या शेवटी, तर बंगाली ‘कि’ बहुधा कर्त्यामागोमाग : ‘तुमि कि भात खाबे?’ – तू भात खाशील का? ‘काय’साठीचा शब्द लिहिताना दीर्घ, ‘की’. पण ऐकायला दोन्ही सारखेच.

मग मेसमध्ये कोणी नुसते ‘तुमि कि खाबे?’ विचारले तर? जोर ‘की’वर असेल, तर ‘काय खाशील?’, पदार्थ सांगा. जोर ‘खाबे’वर असेल, तर ‘खाशील का?’, ‘हॅं’ किंवा ‘ना’ पुरे. कान जोराकडे नसेल, तर साध्या चौकशीला तुम्ही जेवणाची यादी ऐकवाल!

एक पथ्य : ‘तुमि’ बरोबरीच्यांना. वडीलधाऱ्यांना आणि अनोळखी माणसांना ‘आपनि कि खाबेन?’ असेच विचारावे.

स्वाध्याय : ‘ही बस हावड्याला जाईल का?’ बंगालीत सांगा.
उत्तर : ‘एइ बास कि हावडा जाबे?’