परराष्ट्र धोरण आणि नीती : दोन पंचशीले

विहारात आपण पंचशील ग्रहण करतो, ते स्वतःच्या आचरणासाठी. २९ एप्रिल १९५४ रोजी भारत व चीन यांच्यात तिबेटविषयी करार झाला. परस्परांच्या सीमांचा आदर, अनाक्रमण, अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करणे, समानता व शांततामय सहजीवन या त्यातील पाच तत्त्वांनाही पंचशील हेच नाव मिळाले.

या नावाला भुलले नाहीत ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत त्यांनी विचारले की, माओंची पंचशीलावर श्रद्धा असती तर त्यांनी आपल्या देशातील बौद्धांना निराळे वागवले नसते काय? ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ दिल्याने चीनची सीमा भारताला येऊन भिडली, हेही त्यांनी बजावले. राजकारणात, विशेषतः कम्युनिस्ट राजकारणात, पंचशीलाला थारा नाही, असे ते स्पष्ट बोलले.

मग बाबासाहेबांना परराष्ट्र धोरणात नीती नको होती काय? आम्हांस तसे वाटत नाही. नीतीची परीक्षा शब्दांवरून नव्हे, आचरणावरून व्हावी, हा त्यांच्या प्रश्नाचा रोख होता. धोरणाचा भार कोणावर पडतो, हेही ते पाहत. १९५१ साली मंत्रिपद सोडताना त्यांनी हिशेब मांडला होता : ३५० कोटींच्या महसुलातील १८० कोटी रुपये सैन्यावर जातात, आणि याचे मूळ परराष्ट्र धोरणात आहे. हा पैसा गरिबांच्या अन्नातून व विकासातून कमी होतो. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले, ते पाहण्यास बाबासाहेब हयात नव्हते.

हीच कसोटी अमेरिकेलाही लागू पडते. १९७१ साली पूर्व बंगालात पाकिस्तानी सैन्याने कत्तली केल्या. ढाक्यातील अमेरिकन वकिलातीच्या अधिकाऱ्यांनी आपल्याच सरकारला तारेने निषेध कळवला. परंतु याह्याखान हे चीनशी बोलणी करण्याचे माध्यम होते, म्हणून राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्यांची पाठराखण केली. मानवी हक्कांची भाषा बोलणाऱ्या देशाला लाखो निर्वासितांचे दुःख दिसले नाही. तो भार भारताने व सामान्य बंगाली माणसाने सोसला.

शिळफाट्यासारख्या गावातल्या आपल्या माणसांना दिल्ली-वॉशिंग्टन दूरचे वाटते. पण मतदार आपणच आहोत. कोणताही नेता थोर शब्द उच्चारील, तेव्हा दोन प्रश्न विचारावेत : हा घरी कसा वागतो? आणि याच्या निर्णयाची किंमत कोण मोजणार?