प्लास्टर निघाल्यानंतरचे दुखणे

दोन वर्षांपूर्वी आमच्या पायाचे हाड मोडले. सहा आठवड्यांनी हाड जुळले म्हणून डॉक्टरांनी प्लास्टर काढले आणि चालायला सांगितले. पण पावले टाकताच पोटरीतून कळा आल्या, दुसऱ्या दिवशी त्या वाढल्या. हाड पुन्हा सरकले असावे, या भीतीने आम्ही आठवडाभर खाटेवर पडून राहिलो. ती आमची चूक होती. ती का, ते पाहू.

पहिले कारण रोडावणे. स्नायूतील प्रथिने रोज थोडी मोडतात व नवी घडतात. काम थांबले की नवी घडण मंदावते. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सरासरी 67 वर्षे वयाची निरोगी माणसे फक्त 10 दिवस अंथरुणात राहिली, तर त्यांच्या पायांचे सुमारे 1 किलो मांस घटले.

दुसरे कारण आखडणे. स्नायू आखूड स्थितीत बांधला गेला तर त्याचे तंतू लांबीने कमी होतात, भोवतालचे आवरण ताठ होते, सांधाही आवळतो. पहिल्या पावलांच्या कळा बऱ्याच अंशी यामुळे येतात.

तिसरे कारण अचानक पडलेला भार. अशक्त स्नायू, विशेषतः जिना उतरताना, ताणला जात असतानाच जोर लावतो. तंतूंना सूक्ष्म इजा होते, थोडी सूज येते, नसांची टोके हुळहुळी होतात. हे दुखणे एक ते तीन दिवसांत चढते व मग उतरते. याला लॅक्टिक आम्ल कारण आहे असे आम्ही वर्गात शिकवीत असू. ते बरोबर नव्हते. ते आम्ल साधारण तासाभरातच रक्तातून नाहीसे होते.

ही इजा भरून येते आणि पुढच्या वेळी स्नायू तोच भार अधिक सहज पेलतो. पडून राहिल्यास मात्र पहिली दोन्ही कारणे वाढतात. म्हणून फिजिओथेरपिस्ट सांगेल तेवढे, पण रोज चालावे.

मात्र एकच पोटरी सुजली, लाल वा गरम झाली, तर शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. धाप लागली किंवा छातीत दुखले तर तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी. मोडलेल्या जागीच दुखणे वाढत असेल, तरीही डॉक्टरांना विचारावे.

आमचा तो आठवडा फुकट गेला, आणि तो भरून काढायला पुढे महिना लागला.