आज्ञा आणि हात

हिंगोली जिल्ह्यात दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची सुगी ऐन भरात येते. शेताशेतांतून मळणी यंत्रे धडधडू लागतात. गंजीवरची कवळ उचलावी, यंत्राच्या तोंडाशी धरावी, मागे वळून दुसरी घ्यावी, असे काम दिवस मावळेपर्यंत चालते. या घाईत कधी सैल बाही आत ओढली जाते. कधी अडकलेला पाला काढण्यासाठी यंत्र न थांबवताच कोणी हात पुढे करतो, आणि क्षणार्धात तो हात गमावून बसतो. असे अपघात खेड्यापाड्यांतून घडत आले आहेत.

हात गेला तरी एक गोष्ट मात्र जात नाही. जखम भरून आल्यावरही त्या माणसाला आपला हात जागच्या जागी आहे असेच पुष्कळदा वाटत राहते. नसलेल्या बोटांना खाज सुटते. नसलेली मूठ आवळल्यासारखी दुखते. घरच्यांना हा मनाचा भ्रम वाटतो. परंतु त्याला कारण आहे. हाताला हुकूम देणारे स्थान हातात नसून मेंदूत असते, आणि ते शाबूत असते. ‘पेला धर’ अशी आज्ञा तेथून सुटते, मज्जारज्जूतून खाली येते, मज्जातंतूंच्या वाटेने पुढे जाते आणि तुटलेल्या हाताच्या टोकाशी येऊन थांबते. पुढे ती झेलणारे कोणी नसते.

ही आज्ञा एखाद्या यंत्राला झेलता येईल काय?

हाताचा काही भाग उरला असेल, तर हे काम तितकेसे अवघड नाही. उरलेल्या स्नायूंपर्यंत आज्ञा पोहोचतेच, आणि स्नायू आखडताना त्यात सूक्ष्म वीज उत्पन्न होते. कातडीवर धातूची चकती ठेवून ती वीज टिपता येते व तिच्या इशाऱ्यावर कृत्रिम पंजा उघडता-मिटता येतो. दुसऱ्या महायुद्धात अवयव गमावलेल्या सैनिकांसाठी १९४४ साली पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. त्या काळचे हात पट्ट्यांनी व दोऱ्यांनी ओढून चालवावे लागत. स्नायूंच्या विजेवर चालणारे हात पुढे आले.

खरी अडचण दुसऱ्याच रोग्यांची आहे. ज्याचा मज्जारज्जू मानेपाशी दुखावला, किंवा ज्याच्या मेंदूच्या तळाशी रक्तपुरवठा तुटला, त्याचे हात-पाय धडधाकट दिसतात, पण आज्ञेची वाट वरच खुंटलेली असते. अशा माणसाची इच्छा जाणून घ्यायची, तर थेट मेंदूपाशीच जावे लागते.

मेंदूतील अब्जावधी पेशी एकमेकींशी विजेच्या स्पंदनांनी बोलतात. पण ही वीज किती क्षीण असते! खिशातल्या विजेरीच्या एका सेलचा दाब दीड व्होल्ट असतो. डोक्याच्या कातडीवर मिळणारा दाब सुमारे त्याचा तीस हजारावा भाग भरतो. त्यातही माणसाने नुसती पापणी मिटली किंवा दात आवळले, की त्यांची वीज मेंदूच्या विजेला झाकून टाकते. खोलीतल्या दिव्यांच्या तारा आपली गुणगुण मिसळतात ती निराळीच. औंढा नागनाथला महाशिवरात्रीच्या यात्रेत मंदिराबाहेर उभे राहून गाभाऱ्यातील कुजबूज ऐकण्याचा प्रयत्न करावा, तसाच हा प्रकार आहे. गंमत अशी की, त्याच औंढा तालुक्यात गुरुत्वलहरी टिपणारी प्रयोगशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या तिच्या दोन भुजांपुढेही हाच प्रश्न राहणार आहे: कोलाहलातून कुजबूज निवडायची कशी?

मेंदूची कुजबूज प्रथम ऐकणारा मनुष्य मात्र वेगळ्याच गोष्टीच्या शोधात होता. हान्स बेर्गर हा जर्मन तरुण सैन्यात शिकत असताना घोड्यावरून पडला व तोफेच्या गाड्याखाली सापडता सापडता वाचला. त्याच संध्याकाळी घरून तार आली. दूर असलेल्या बहिणीला भाऊ संकटात असल्याचे एकाएकी वाटले होते! एकाचा विचार दुसऱ्याकडे जातो कसा, हे शोधण्याचा ध्यास बेर्गरने घेतला. विचारांचा प्रवास त्याला कधीच सापडला नाही. पण १९२४ साली मानवी मेंदूच्या विजेचा आलेख त्याला मिळाला, आणि १९२९ मध्ये त्याने तो प्रसिद्ध केला. प्रथम कोणाचा त्यावर विश्वास बसेना. १९३४ साली केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग करून पाहिला, तेव्हा लोकांना पटले.

बेर्गरची निराशा ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मेंदूला जोडलेले यंत्र मनातले सारे वाचते, अशी समजूत आजही पुष्कळांची असते. ती खरी नाही. विश्रांतीच्या वेळी मेंदूतील हाताच्या स्थानावरची वीज सेकंदाला आठ ते तेरा वेळा अशा संथ तालात झुलत असते. उजवा हात हलवण्याची नुसती कल्पना केली, तरी मेंदूच्या डाव्या बाजूचा ताल मोडतो; डाव्या हाताची केली, तर उजव्या बाजूचा. डोक्यावर चकत्यांची टोपी घातलेला संगणक एवढेच ओळखतो आणि चाकांची खुर्ची उजवीकडे किंवा डावीकडे वळवतो. खुर्चीतल्या माणसाला भूक लागली आहे की घरची आठवण येत आहे, हे त्या टोपीला ठाऊक नसते.

शिकावे मात्र दोघांनाही लागते. १९६९ साली अमेरिकेत एबरहार्ड फेट्झ या शास्त्रज्ञाने माकडाच्या मेंदूतील एकाच पेशीला तार जोडली व तिची स्पंदने दाखवणारा काटा माकडापुढे ठेवला. काटा पुढे सरकला की खाऊ! थोड्याच वेळात माकड ती एक पेशी हवी तेव्हा चेतवू लागले. १९७३ साली जाक व्हिदाल यांनी या विद्येला मेंदू-संगणक जोडणी असे नाव दिले.

कॅथी हचिन्सन या अमेरिकन बाईंना सुमारे पंधरा वर्षे हात-पाय हलवता येत नव्हते, बोलताही येत नव्हते. २००५ साली शस्त्रक्रिया करून त्यांच्या मेंदूवर हरभऱ्याच्या डाळीहूनही लहान अशी एक चकती बसवण्यात आली. तिला ९६ बारीक सुया होत्या. जॉन डोनाहू व ली हॉखबर्ग यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्यापुढे एक यांत्रिक हात ठेवला. तो हात सरकताना पाहायचा आणि आपणच तो हलवीत आहोत अशी कल्पना करायची; तेवढ्यात संगणकाने कोणत्या कल्पनेबरोबर कोणत्या पेशी बोलतात हे टिपून घ्यायचे. एप्रिल २०११ मध्ये त्या हाताने मेजावरची कॉफीची बाटली उचलली, तोंडाशी आणली आणि त्यांनी नळीने घोट घेतला. सहा वेळा प्रयत्न झाला. चार वेळा साधला, दोन वेळा फसला. पहिला घोट घेऊन बाटली खाली ठेवल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू उमटले, ते चित्रफितीत टिपले गेले आहे. इतक्या वर्षांत त्या प्रथमच दुसऱ्या कोणी न पाजता काही प्यायल्या होत्या.

पुढे २०२१ साली कृष्णा शेणॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका पक्षाघात झालेल्या गृहस्थाला मनातल्या मनात अक्षरे गिरवायला सांगितली. संगणकाने मिनिटाला नव्वद अक्षरे ओळखली. ही प्रगती मोठी खरी. पण डोक्यातून निघणारी तार, शस्त्रक्रियेचा धोका आणि सुयांभोवती हळूहळू साचणारा व्रण यांमुळे ही साधने अद्याप बहुतांशी प्रयोगशाळेतच आहेत. हळदीच्या शेतात राबणाऱ्या माणसाच्या दारापर्यंत ती आलेली नाहीत.

आज्ञा वरून खाली गेली, तरी काम अर्धेच होते. हाताला काय लागले ते वर कळायला नको काय? पेला किती दाबला हे न कळले, तर तो फुटतो. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून १९७४ साली पदवी घेऊन अमेरिकेस गेलेले नितीश ठाकोर यांनी या उलट्या वाटेवर काम केले. २०१८ साली त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी कृत्रिम हाताच्या बोटांवर स्पर्श टिपणारी कातडी चढवली, आणि तिचे संदेश उरलेल्या दंडातील मज्जातंतूंना सौम्य विजेने पोहोचवले. हात गमावलेल्या एका गृहस्थाने तो हात लावून पाहिला. गोल वस्तू धरली तेव्हा नुसता स्पर्श कळला. टोकदार वस्तू लागली, तेव्हा कृत्रिम पंजाने ती आपोआप सोडून दिली. आणि त्या गृहस्थाला टोचल्याची वेदना झाली, ती दंडात नव्हे, तर कित्येक वर्षांपूर्वी गेलेल्या बोटांत.