इंजिनाचे आयुष्य

दोघा भावांनी एकाच दिवशी मोटारसायकली घेतल्या. दोन्ही गाड्या १०० सीसीच्या. धाकट्याने गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका वाचली. किती किलोमीटरला ऑईल बदलायचे, ते तीत लिहिले होते. तो म्हणाला, "दादा, ऑईल बदलायची वेळ झाली."

थोरला म्हणाला, "गाडी पळतीय न्हवं? मग कशाला उगा खर्च?"

ऑईलचे काम काय? इंजिनात पिस्टन मिनिटाला हजारो वेळा वर-खाली होतो. ऑईलचा पातळ थर मध्ये असतो, म्हणून धातूवर धातू घासत नाही. वापरून ऑईल खराब होते, कमीही होते. मग आतले भाग झिजतात. धुरळा आत गेला, तर झीज आणखी वाढते. म्हणून एअर फिल्टरही साफ ठेवावा लागतो.

चौथ्या वर्षी थोरल्याच्या गाडीतून निळा धूर येऊ लागला. इंजिन ऑईल जाळू लागले होते. ऐन सुगीत गाडी गॅरेजात पडली. वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च झाला.

धाकट्याची गाडी रोज ३० किलोमीटर चालते. वर्षात ३०० दिवस धरले, तर ९,००० किलोमीटर झाले. अकरा वर्षांत ९९,०००! नीट राखलेले असे इंजिन लाखभर किलोमीटर सहज चालते.

थोरल्याला तेव्हा वाचता येत नव्हते. आता येते. परवा त्याने स्वतःच पुस्तिका उघडली. ऑईल बदलल्याची तारीख वहीत लिहिली. शेजारी किलोमीटरचा आकडाही लिहिला.

प्रश्न :
१. निळा धूर कशामुळे आला?
२. तुमच्या गाडीचे ऑईल कधी बदलले? वहीत लिहा.