गोदामातली नोकरी: हजेरीची की हिशोबाची?

भिवंडीजवळच्या वळ, पूर्णा, काल्हेर, दापोडे या गोदामांच्या पट्ट्यातल्या पालकांचा ठरलेला प्रश्न असतो: "एवढं शिकून मुलानं शेवटी गोडाऊनलाच जायचं का?" त्यामागची काळजी खरी आहे. ठेकेदाराकडे रोजावर खोकी उचलून थकलेली मुलं त्यांच्या डोळ्यांसमोर आहेत. पण त्याच गाळ्यात अशीही कामं असतात, ज्यांना शिकलेलं माणूस लागतं.

ही गोदामं ज्याचा माल सांभाळतात, तो किरकोळ व्यापार म्हणजे नुसतं गल्ल्यावर बसणं नव्हे. देशाच्या उत्पन्नात त्याचा वाटा साधारण 10 टक्के आणि रोजगारात 8 टक्के धरला जातो. दुकान कोपऱ्यावरचं असो की मोबाइलवरचं, माल आधी कुठेतरी उतरतो, मोजला जातो आणि मगच निघतो. मुंबईत जकात होती तेव्हा हद्दीबाहेर भिवंडीत माल ठेवला, की तो शहरात नेईपर्यंत ती भरावी लागत नसे. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला, जकात गेली; पण महामार्ग जवळ आणि मुंबई दाराशी असल्याने गोदामं वाढतच राहिली. अ‍ॅमेझॉननेही 2013 मध्ये भारतातलं पहिलं गोदाम भिवंडीतच थाटलं.

आता आत डोकावू. बिस्किटांची गाडी लागते. प्रत्येक खोक्याचा बारकोड स्कॅन होतो, बॅच आणि मुदत नोंदली जाते, रॅकची जागा ठरते. ज्याची मुदत आधी संपणार, ते खोकं आधी बाहेर. संगणक 40 खोकी दाखवतो आणि रॅकवर 38 निघतात, तेव्हा ती दोन कुठे गेली हे जो शोधून काढतो, त्याच्यावर मालक पुढची जबाबदारी टाकतो.

कॉमर्सच्या विद्यार्थ्यांनी एक्सेल, टॅली, जीएसटी आणि ई-वे बिल पक्कं करावं. आयटीआयचे इलेक्ट्रिशियन, फिटर यांना कन्व्हेयर आणि यंत्रांच्या देखभालीत काम आहे. पदवीधरांनी खरेदी, साठा नियोजन, वाहतूक यांकडे पाहावं. रिटेल आणि लॉजिस्टिक्ससाठी स्वतंत्र कौशल्य परिषदा आहेत. त्यांचं प्रमाणपत्र आणि सरकारी पोर्टलवर नोंदलेली शिकाऊ उमेदवारी, दोन्ही उपयोगी पडतात.

पालकांनो, पहिल्या पगाराच्या आकड्याआधी चार गोष्टी विचारा. नेमणूकपत्र मिळणार का? पगार बँकेत जमा होणार का? पीएफचा यूएएन आणि, लागू असेल तर, ईएसआय मिळणार का? आणि वर्षभरात मुलाला किंवा मुलीला नवं काय शिकायला मिळेल? पहिल्या तिन्हींना नकार आला, तर ती नोकरी नाही, नुसती हजेरी आहे. चौथ्याचं उत्तर गुळमुळीत असेल, तर दुसरा गाळा पाहा.

हे गाळे इथल्या शेतांवर उभे राहिले. भाडं घरात येतं, ते चांगलंच. पण त्यातला कारभार इथल्या मुलामुलींच्या हाती यायचा असेल, तर त्यांनी मालाचा हिशोब शिकूनच त्या शटरखालून आत जावं.